सॉरी आंटीला हवं होतं एक नाव

आद्वोआ फ्रेम्पोमा जन्माला आली तीच डावरी. आता डावरं असणं हा काही गुन्हा नव्हे, पण आमच्या असांते मुलखात डाव्या हाताने कुणाला काही देणं किंवा रस्ता दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यातलाच प्रकार. आणि या पोरीचा डावा हात आधी पुढे व्हायचा, डोकं मागाहून पोचायचं. शेजारणीला मीठ दिलं डाव्याने, म्हण माफ करा. म्हाताऱ्याला वाट दाखवली डाव्याने, म्हण माफ करा. एकदा चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या हातात डाव्याने पैसे ठेवले, तेव्हा माफी मागायला आईलाही बरोबर जावं लागलं. आठ वर्षांची होईतो माफीच्या इतक्या तऱ्हा तिच्या जिभेवर बसल्या होत्या, की मावशी म्हणायची, या पोरीचा हात घर बुडवील आणि जीभ ते तारील.

घराचं माहीत नाही, पण पाणीखातं त्या जिभेने एकतीस वर्षं तारलं. कुमासीहून दीड तासावर आमचं आसुबेनी गाव. तिथल्या पाणीखात्यात फ्रेम्पोमा जनसंपर्क अधिकारी झाली. हे पद म्हणजे काय ते गावात कुणालाच कळलं नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. तो बिचारा शेवटपर्यंत मित्रांना सांगत राहिला की बायको नळ दुरुस्त करते. लोकांना एवढंच दिसे, की नळ कोरडा पडला की ही बाई रेडिओवर येते आणि सॉरी म्हणते. म्हणून तिचं नाव पडलं सॉरी आंटी. बाजारात पोरं तिला बघून रिकाम्या बादल्या वाजवायची.

पाणीखात्यात मॅनेजर आले नि गेले, सध्याचे ओवारेसाहेब सातवे. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. पाणी कधी येणार असं कुणी विचारलं की सांगायचं, दोन दिवसांत. पंप जळाला, दोन दिवस. पाइप फुटला, दोन दिवस. फ्रेम्पोमा दर वेळी साहेबांना सांगायची की लोकांना खरं सांगा, लोक खऱ्याला रागावतात पण खोट्याला विसरत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. मग ती रेडिओवर जायची आणि "दोन दिवस" हे शब्द इतक्या खालच्या आवाजात म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंना दम लागलाय.

ऑगस्टमध्ये ती निवृत्त होणार होती. एकतीस वर्षं आपण काय केलं हे गावात एका माणसालाही कळलेलं नाही, ही गोष्ट तिला फार लागे. ती बोलून दाखवत नसे, पण लागे. म्हणूनच सरकारी हायस्कुलात दरवर्षी करिअरचा दिवस भरतो, तिथे ती अकरा वर्षं न चुकता टेबल मांडून बसायची. डॉक्टरपुढे रांग, वकिलापुढे रांग, नर्सपुढे तर पोरी एकमेकींच्या पायावर पाय देत उभ्या. सॉरी आंटीच्या टेबलाशी अकरा वर्षांत एकूण तीन पोरं आली. एक संडास कुठे विचारायला, दुसरं खुर्ची मागायला, आणि तिसऱ्याने खरंच विचारलं, "मॅडम, या नोकरीत आपल्या घरी तरी पाणी येतं का?" येत नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. पोरगा वकिलाकडे गेला.

या वर्षी एक पत्र आलं होतं. अक्क्राची जनसंपर्क शिकवणारी एक संस्था आमच्या गावासाठी दरवर्षी एक जागा राखून ठेवायची, शिक्षण आणि राहणं सगळं फुकट. अकरा वर्षं ती जागा रिकामी गेली. आता संस्थेने कळवलं होतं, की येत्या सोमवारपर्यंत एक नाव, पालकांच्या सहीसकट, आलं नाही तर जागा दुसऱ्या गावाला देऊ, आणि ती कायमची. फ्रेम्पोमाने पत्र चार वेळा वाचलं, घडी घालून छातीशी ब्लाउजमध्ये ठेवलं. एक नाव, बस. एक नाव मिळालं की ऑगस्टमध्ये ती हसत घरी जायला तयार होती.

पण नशीब बघा. शाळेचे हेडमास्तर आमेगाशी नवे होते, पूर्वेच्या किनाऱ्याकडचे. त्यांनी करिअरचा दिवस ठेवला शनिवारी. आमच्याकडे शनिवार हा मयतांचा दिवस. शनिवारी असांते माणूस लग्न करणार नाही, पण मयताला दोन गावांत हजेरी लावील. डॉक्टर एका मयताला गेले, इंजिनिअर दुसऱ्या. उरले वकील, नर्स आणि सॉरी आंटी. प्रमुख पाहुणे म्हणून हेडमास्तरांनी साक्षात नानांना, म्हणजे गावच्या राजेसाहेबांना बोलावलं होतं, आणि ओवारेसाहेबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

फ्रेम्पोमाने भाषण चांगलं तयार केलं होतं. जनसंपर्क म्हणजे पूल, जनसंपर्क म्हणजे विश्वास, असं बरंच काही. मुलांनी ते ज्या चेहऱ्याने ऐकलं त्या चेहऱ्याने आपण दुसऱ्याच्या मयताचे हिशेब ऐकतो. मागे दोघे झोपले. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, पण त्या दिवशी तिचं सोनंही खपेना. जागं आणि लक्ष देणारं एकच माणूस होतं, आणि ते सभागृहात नव्हतंच. खिडकीबाहेर पोकुआ नावाची पोरगी हातात कोयता घेऊन गवत काढत होती. तिला शिक्षा झाली होती. वसतिगृहात कुणाला उशीर होवो, कुणाची लापशी सांडो, ही मेट्रनपुढे जाऊन त्या पोरीची बाजू मांडणार. आठवड्यात चारदा. शेवटी हेडमास्तर म्हणाले, फार तोंड झालंय तुला, आता गवताशी बोल.

एवढ्यात नाना आले. दोन मयतांच्या मध्ये वेळ काढून आले होते, अंगावर तेच काळं-तांबडं वस्त्र, आणि घाई. पण बरोबर ओच्यामे नव्हता, आणि सभागृहातल्या प्रत्येक असांतेच्या तोंडचं पाणी पळालं. ओच्यामे म्हणजे राजाची जीभ. राजा चारचौघांत थेट बोलत नाही आणि राजाशीही थेट कुणी बोलत नाही. तो पुटपुटतो, ओच्यामे हातात काठी घेऊन ते शब्द घासूनपुसून लोकांना देतो. राजाचं बोलणं सगळ्यांच्या कानावर गेलं असलं तरी ओच्यामेच्या तोंडून येईपर्यंत ते कुणी ऐकलेलंच नसतं. आणि आमचा ओच्यामे पहिल्याच मयतात अडकला होता. शवपेटीचा खर्च कोणत्या भावाने करायचा यावर भांडण जुंपलं होतं आणि दोन्ही भाऊ त्याच्यामार्फतच भांडत होते.

हेडमास्तर बिचारे म्हणाले, मग नानांनी सरळ माइकवर बोलावं की. सगळं सभागृह शहारलं. राजवाड्याच्या एका म्हाताऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी माइक स्वतःच्याच मांडीवर ठेवून दिला. मग तोच म्हातारा इकडेतिकडे बघत फ्रेम्पोमापाशी थांबला. "ही बाई दुसऱ्यासाठी बोलायचाच पगार घेते ना? ऊठ गं."

हातात काठी हवी. गणिताच्या मास्तरांची फळ्यावर रेघा मारायची लांब पट्टी कुणीतरी पुढे केली, आणि फ्रेम्पोमाने ती घेतली डाव्या हाताने. सभागृहातून "हाऽऽ" असा आवाज आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण पन्नास वर्षांची सवय कामाला आली. पट्टी उजव्या हातात घेत, गुडघे किंचित वाकवून ती म्हणाली, "सेबे. हा हात नानांना बघायला माझ्याआधी धावला." आमच्यात वंगाळ काही करण्या-बोलण्याची माफी या एका शब्दात मागतात. म्हातारा हसला. झोपलेले दोघे जागे झाले.

आता नानांचं एक आहे. ते ऐंशीचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना वाटतं आपण पुटपुटतोय आणि ते पार मैदानापर्यंत ऐकू जातं. मुलांना चार शब्द सांगायचे सोडून त्यांची नजर पडली ओवारेसाहेबांवर. साहेब नेमके तेव्हाच बाटलीतून गार पाणी पीत होते.

नाना पुटपुटले, "त्या पाणीवाल्याला सांग, तीन आठवडे राजवाड्याच्या नळातून नुसती हवा येतेय. माझी बहीण, गावची राणीमाता, तांब्याभर पाण्यात अंघोळ करते. आणि हा बोकड माझ्याच पुढ्यात बसून ढोसतोय."

शेवटच्या बाकापर्यंत गेलं ते. साहेबांची बाटली ओठांशी तशीच थांबली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरड्या. नोकरी साहेबांची, जीभ नानांची. चारशे पोरं श्वास रोखून बघायला लागली की आता ही बोकडाचं काय करते.

फ्रेम्पोमाने पट्टी जमिनीवर टेकली. "नाना म्हणतात, पाणीखात्याचे मॅनेजर आज आपल्यात आहेत याचा आनंद आहे. त्यांना पाणी किती आवडतं ते नानांनी आत्ताच पाहिलं. राजवाड्याच्या आणि गावाच्या नळांना मात्र तीन आठवडे तो स्वाद मिळालेला नाही. आणि, सेबे, बागेत चरणाऱ्याने कधी मान वर करून बागेकडेही बघावं, एवढंच नाना सुचवतात."

सभागृहात जो हशा उसळला, तो अकरा वर्षांत कुठल्या डॉक्टराच्या वाट्याला आला नसेल. बोकड कुठेच नव्हता आणि प्रत्येकाला दिसत होता. नानांनी मान डोलावली.

आता उत्तराची पाळी. साहेबही नानांशी थेट बोलू शकत नव्हते, तेही हिच्यामार्फतच जायला हवं. ते उठून तिच्या कानाशी आले आणि कुजबुजले, "दोन दिवस. नेहमीचं सांगून टाक." नानांसारखा त्यांचा आवाज मोठा नव्हता, तो फक्त तिलाच ऐकू गेला.

दोन दिवस. जिभेच्या टोकावर होतंच ते, एकतीस वर्षं तिथेच राहायला होतं. पण सकाळीच ऑफिसात साहेब स्वतः वैतागून म्हणाले होते, की पंपाचा भाग तेमा बंदरात अडकलाय आणि कधी सुटेल ते देवाला ठाऊक. फ्रेम्पोमाने पट्टीकडे पाहिलं. मोजायची पट्टी, तिच्यावर सेंटिमीटर होते. पण राजाची जीभ म्हणून ती हातात घेतली होती, आणि त्या जिभेने राजापुढे खोटं बोललेला माणूस आमच्या गावात अजून जन्मला नाही. तिला भीती वाटली, तरी तिने पट्टी पुन्हा जमिनीवर टेकली.

"मॅनेजर म्हणतात," ती म्हणाली, "पाणी कधी येईल ते त्यांना माहीत नाही. पंपाचा भाग बंदरात अडकलाय. शुक्रवारी ते स्वतः राजवाड्यात येऊन काय झालं ते सांगतील."

साहेबांनी तोंड उघडलं. पण बोलणार काय? राजापुढे थेट बोलणं म्हणजे एका मेंढीचा दंड. आणि पहिली दोन वाक्यं त्यांचीच तर होती, फक्त सकाळची. तिसरं तेवढं तिने आपल्या पदरचं घातलं होतं. ते मूग गिळून खाली बसले.

नानांनी साहेबांच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग पुटपुटले, "इतक्या वर्षांत पाणीखात्याने पहिल्यांदा मला काहीतरी सांगितलं. बोकडाला म्हणावं ये शुक्रवारी. चहा मिळणार नाही, पाणीच नाही."

"नाना आपलं शुक्रवारी स्वागत करतील," फ्रेम्पोमा म्हणाली. "चहाचा मात्र आग्रह धरू नये."

टाळ्या इतक्या पडल्या की नर्सबाईंचे कागद उडाले. नाना दुसऱ्या मयताला गेले. साहेब जाताना एवढंच म्हणाले की सोमवारी मला भेटा. आणि मग सगळी पोरं उठली, हसत, "चहाचा आग्रह धरू नये" म्हणत, आणि वकिलापुढे रांगेत जाऊन उभी राहिली.

फ्रेम्पोमा आपल्या टेबलाशी बसून राहिली. नाव लिहायचा कागद कोरा. एवढं सगळं होऊनही कोरा. तिला रडू आलं, आणि आपल्याला रडू येतंय याचाही राग आला. तिने पत्राची घडी काढली, पुन्हा ठेवली, आणि टेबलावरचं कापड गोळा करायला लागली.

तेव्हा खिडकीतून आवाज आला. पोकुआ उभी होती, केसांत गवत, हातात कोयता. "मॅडम, बोकड काढलात ते कळलं. पण 'गाव' कशाला घातलंत? नाना फक्त राजवाड्याच्या नळाचं बोलले होते. गाव तुम्ही घातलंत."

फ्रेम्पोमाच्या हातातलं कापड तसंच राहिलं. चारशे पोरं, सतरा मास्तर, एक वकील, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते. "नुसता राजवाडा म्हटलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर एक टँकर राजवाड्यावर पाठवून हे मोकळे झाले असते."

पोरीने केसांतलं गवत झटकलं. मग कोयता खिडकीत ठेवून म्हणाली, "हे शिकवतात? कुठे?"

नाव लिहिलं गेलं. पण सही हवी आईची, आणि पोकुआची आई तिवा, बाजारामागे केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, उंडे करून विकणारी, लेकीला नर्स करायचं ठरवून बसली होती. फ्रेम्पोमा म्हणाली, तुला तर बोलता येतं, विचार आईला. पोकुआने मान हलवली. स्वतःची रदबदली स्वतः करायची नसते, एवढं तर तिलाही ठाऊक होतं. "मी सगळ्यांसाठी मेट्रनकडे जाते, मॅडम. माझ्यासाठी कोण जाणार? तुम्ही चला."

रविवारी चर्च सुटल्यावर दोघी गेल्या. तिवा चुलीपुढे, पाठमोरी, पानांत उंडे बांधत होती. शेजारी तीन रिकामी पिंपं. ती वळलीसुद्धा नाही. फ्रेम्पोमाने पूल आणि विश्वास यांची सुरुवात केली, तशी तिवा म्हणाली, "नर्सला निदान पांढरा ड्रेस मिळतो. तुम्हाला काय मिळतं?"

"शिव्या," फ्रेम्पोमा म्हणाली.

तिवाचे हात थांबले. ती वळली आणि तिने सॉरी आंटीला पहिल्यांदा नीट न्याहाळलं. "तीन आठवडे मी पहाटेपासून विहिरीच्या रांगेत असते. केंकेला पाणी लागतं बाई, बोलणं नाही. कधी येणार पाणी?"

"माहीत नाही."

"काल राजवाड्याला काय सांगितलंत?"

"हेच. भाग बंदरात अडकलाय, कधी येईल माहीत नाही, शुक्रवारी कळवू."

"म्हणजे नानांना जे सांगितलंत, तेच मला?"

"तेच."

तिवाने हातातला उंडा खाली ठेवला. चुलीवरचं पातेलं खदखदत होतं. आजवर तिला वाटायचं, की मोठ्यांना एक सांगतात आणि आपल्या तोंडाला पानं पुसतात. तिने हात फडक्याला पुसले आणि पुढे केला. फ्रेम्पोमाने घाईघाईने कागद आणि पेन दिलं, अर्थातच डाव्या हाताने, आणि सवयीने माफ करा म्हणाली. "राहू दे," तिवा म्हणाली, "कागद सरळ आहे ना?" जीभ दातांत धरून तिने हळूहळू सही केली. आणि मग सही केलेला कागद हातातच ठेवून म्हणाली, "आता जे मला सांगितलंत, ते विहिरीवर जाऊन सांगा. तिथे चाळीस जणी उभ्या आहेत. मग देते."

विहिरीवर त्यांना बघताच बादल्या वाजायला लागल्या. सॉरी आंटी आली, दोन दिवस घेऊन आली, असा गलका झाला. एकीने रिकामा डबा पायाशी आणून आदळला. फ्रेम्पोमाने घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

पण पोकुआ आधीच पुढे झाली होती. "सेबे," ती म्हणाली, आणि बादल्या थांबेपर्यंत थांबली. मग तिने सांगायला सुरुवात केली, भाग कुठे अडकलाय, काय माहीत आहे, काय माहीत नाही, शुक्रवारी कोण कुठे येणार आहे. बायकांनी आडवे प्रश्न विचारले. जे ठाऊक नव्हतं तिथे ती ठाऊक नाही म्हणाली. मागून एकीने ओरडून विचारलं की बोकडाचं काय, तर म्हणाली, त्यांना चहाचा आग्रह नाही. रांगेत हसू पसरत गेलं.

फ्रेम्पोमा विहिरीच्या कट्ट्यावर बसली, आणि मागून आलेल्या तिवाने सहीचा कागद तिच्या हातात ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पाण्याबद्दल लोक विचारत होते आणि तिला काही बोलावं लागत नव्हतं.